ज्यानं बांधलं, त्यानं बसावं

भाऊ, तुमचं विमान अजून उडालेलं नाही. हँगरच्या कोपऱ्यात उभं आहे, पंखांवर धूळ बसली आहे, आणि रोज सकाळी त्याच्या शेजारून जाताना मी दुसरीकडे बघते. शिकणारी पोरं विचारतात, मॅडम, हे उडायला कधी लागणार? लागेल, असं मी सांगते, आणि ते अशा आवाजात सांगते की पुढे कोणी विचारत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, काहून चिडून राहिली वं मॅडम, पोट्ट्यांनी काय केलं तुहं?

फ्लाइंग क्लबच्या फळ्यावर तुमचा फोटो लागला आहे. खाली लिहिलंय, शांत आणि मनमिळाऊ स्वभावाचे. वाचून मला हसू आलं. जागेवर नसलेल्या एका पान्यासाठी तुम्ही अख्खा हँगर डोक्यावर घ्यायचात. माझ्याशी तर तुमचं एक भांडण कित्येक वर्षं चाललं, आणि ते अर्ध्यात टाकून तुम्ही निघून गेलात. तेव्हा मी इथे तुमचे गुण गाणार नाही. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे.

तुमच्या जागी भोपाळहून नवीन इंजिनिअर आला आहे. हुशार आहे, हात स्वच्छ. त्याला मी आपली रीत सांगितली. आपल्याकडे विमानाची मोठी दुरुस्ती झाली की त्याच्या पहिल्या उड्डाणात वैमानिकाच्या शेजारी तोच माणूस बसतो, ज्यानं ते दुरुस्त केलं. तो हसला नाही, एवढं बरं. मॅडम, नियमात हे कुठे आहे, असं त्यानं विचारलं. कुठेच नाही. मी शिकवायला लागले तेव्हा मीही हेच विचारलं होतं, आणि तुम्ही चिंधीला हात पुसत म्हणाला होतात, ज्यानं बांधलं, त्यानं बसावं. रांधणारीनं पहिला घास खाऊन पाहू नये का? मला तो दाखला पटला नव्हता. आमच्या धरमपेठेतल्या घरात रांधणारी सगळ्यांत शेवटी जेवायची, तसं मी सांगितलंही. तुम्ही म्हणालात, म्हणूनच तुमच्याकडच्या भाजीत मीठ कमी-जास्त राहते.

चारचौघांत तुम्ही मला अहो-जाहो करायचात आणि हँगरचं दार लोटलं की तू आणि वं. मॅडम मात्र दोन्हीकडे.

पारशिवनीच्या त्या दुपारी घाई कोणाची होती, इथूनच आपला वाद सुरू होतो. तुमचीच होती. मे महिना होता, हँगरचा पत्रा उन्हानं कडकड वाजत होता. पंखांकडे जाणाऱ्या तारा तुम्ही बदलल्या होत्या. आपल्या त्या दोन सीटच्या विमानात दोघांसमोर एकेक हँडल, दोन्ही आतून जोडलेली. एक फिरवलं की दुसरंही फिरतं, तारा ओढल्या जातात आणि विमान डावी-उजवीकडे कलतं. मी म्हटलं, उद्या सकाळी गार हवेत जाऊ. तुम्ही म्हणालात, बांधून ठेवलं का मले रातभर झोप येत नाही, आत्ताच उडवू. उत्तरेला पेंचच्या बाजूनं एक ढग फुगत होता. लांब होता. तो आपण दोघांनीही पाहिला होता आणि दोघंही काही बोललो नव्हतो, हेही खरं.

कामठी ओलांडेपर्यंत नेहमीचे उन्हाळी धक्के होते. कन्हान मागे पडली. पारशिवनीच्या अलीकडे खालची शेतं एकाएकी दिसेनाशी झाली, लाल धूळ खालून वर चढत आली आणि पहिला तडाखा बसला. माझं डोकं छताला लागलं. नकाशा, पेन, तुमची पाण्याची बाटली, सगळं क्षणभर हवेत होतं. उंचीचा काटा सरसर वर गेला आणि त्याहून वेगानं खाली आला. पट्टा नसता तर आपणही त्या बाटलीबरोबर तरंगलो असतो. तुमच्या भाषेत ज्याला वावधन म्हणतात ते मी जमिनीवर खूप पाहिलं होतं. त्याच्या पोटात कधी शिरले नव्हते.

अशा हवेत काय करायचं ते सांगायला सोपं आहे. वेग कमी करायचा, नाहीतर पंखांना झेपत नाही. पंख सपाट ठेवायचे. उंची वाढली तर वाढू दे, घटली तर घटू दे, तिच्या मागे धावायचं नाही. मी पोरांना फळ्यावर खडूनं हेच शिकवते. मी वेग कमी केला. तेवढ्यात डावा पंख असा खाली गेला की माझ्या खिडकीत नुसती माती दिसायला लागली. मी हँडल उजवीकडे फिरवलं. ते फिरेना.

जोर लावला. बोटभर हललं आणि परत आलं. पुन्हा जोर लावला तर कोणीतरी आतून उलटं ओढतंय असं वाटलं. त्या क्षणी माझ्या मनात एकच गोष्ट आली, भाऊ: यांच्या नव्या तारेनं आपल्याला मारलं. मी ओरडले, "भाऊ, तार अडकली."

विमान एका कुशीवर पडत होतं आणि तुम्हाला राग आला. हेडफोनमधून तो मला स्वच्छ ऐकू आला.

"माही तार अडकूच शकत नाही."

ते सिद्ध करायला तुम्ही त्या हलकल्लोळात पट्टा ढिला करून खाली वाकलात, पायांपाशी, जिथून तारा जातात तिथे. त्याच क्षणी हँडल मोकळं झालं. इतकं मोकळं झालं की माझ्याच जोरानं विमान दुसऱ्या कुशीवर जायचं, ते मी कसंबसं सावरलं. पंख सपाट केले, ढगाला बगल दिली आणि पूर्वेकडे नाक धरलं. पुढेही बराच वेळ हवा आपल्याला सुपातल्या दाण्यांसारखं पाखडत होती. पण हँडल माझं ऐकत होतं, आणि ते ऐकतंय तोवर भीतीला बसायला जागा मिळत नाही. तुम्ही तसेच वाकलेले होतात, दोन्ही हात तारांवर ठेवून. मधूनच खालून तुमचा आवाज यायचा, "चालून राहिली. तार चालून राहिली." एकदा तुमचं कपाळ कशावर तरी आपटलेलं मी ऐकलं, तरी तुम्ही उठला नाहीत. हळूहळू धूळ विरळ झाली. नागपुरात वारं पडल्याचं रेडिओवर कळलं तेव्हा आपण परतलो. तुमच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं.

मी उतरल्यावर लिहून दिलं की उड्डाणात हँडल अडकलं होतं. ते लिहिणं भागच होतं. तुम्ही त्याच पावली पान्यांची पेटी आणून विमान उघडायला घेतलंत आणि माझ्याशी बोलणं टाकलंत.

पुढचे कितीतरी दिवस तुम्ही त्या तारा इंच इंच चाचपल्यात. पुल्या काढल्या, धुतल्या, परत लावल्या. काही सापडलं नाही. एका संध्याकाळी मी दारात उभी होते तर माझ्याकडे न बघताच म्हणालात, काही सापडलं असतं तर बरं झालं असतं. तुमचा चेहरा उतरला होता. जो दोष सापडत नाही तो परत येतो, हे मला कळत होतं तसं तुम्हालाही कळत होतं.

मग पुन्हा पहिलं उड्डाण आलं, या वेळी सकाळच्या गार हवेत. तुम्ही शेजारी बसलात, कारण रीत. कन्हानवर एक लहानसा धक्का बसला, नदीवर बसतो तसा, आणि माझ्या हातातलं हँडल घट्ट झालं. या वेळी हवा शांत होती म्हणून मला मान वळवून बघता आलं. तुमचे दोन्ही हात तुमच्यासमोरच्या हँडलवर होते. बोटं पांढरी पडली होती.

"भाऊ," मी म्हटलं, "हात."

तुम्ही खाली पाहिलंत. ते हात दुसऱ्या कोणाचे असावेत तसं पाहिलंत. मग एकेक बोट सोडवून घेतलं. आणि विचारलंत, "कधीपासून धरून राहिलो मी?"

"पारशिवनीपासून."

आणि मग आपण जे हसत सुटलो ते उतरेपर्यंत. रेडिओवरच्या माणसाला मला दोनदा सांगावं लागलं की आमचं सगळं ठीक आहे. भर वादळात मी एकीकडे ओढत होते, तुम्ही दुसरीकडे, आणि दोघांचीही खात्री की विमान बिघडलंय. एवढी मोठी चूक करायला दोन जुनी खोडंच लागतात. नवशिक्यानं हँडलला हातच लावला नसता.

खाली आल्यावर मात्र तुम्ही शब्द फिरवलात. तर्री पोह्यांच्या गाडीवर दुसरी प्लेट संपवता संपवता म्हणालात, मी धरलं नव्हतं, नुसते हात ठेवले होते. झालं. धरले की ठेवले, हे आपलं ते भांडण. पावसाळे गेले, विमानाचं इंजिन बदललं, माझ्या डोक्यात पांढरे केस आले, तरी ते चालूच. कोणाच्या लग्नात भेटलो तरी तुम्ही पंगतीत शेजारी बसून हळूच म्हणायचात, "ठेवले होते."

भाऊ, तुम्हाला उडायची भीती वाटत होती. विमानांच्या पोटात हात घालून सगळं आयुष्य काढलेल्या माणसाला विमानात बसायची भीती. त्यानंतर प्रत्येक पहिल्या उड्डाणात तुम्ही दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचात, आणि ही गोष्ट मी क्लबात कोणाला कळू दिली नाही. एकदाच विचारलं, एवढी भीती वाटते तर बसता कशाला? तुम्ही थट्टेवारी न्याल असं वाटलं होतं. नेली नाहीत.

"भेव लागते म्हणूनच बसतो. ज्याले भेव नाही तो नट एकदा पाहून मोकळा होते. मले माहीत राहते का उद्या इथं मीच बसणार आहो. म्हणून मी पुन्हा पाहतो."

हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आले. पारशिवनीनंतर बरेच दिवस दुपारचं उडायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा, आणि मला वाटायचं, आता आपलं संपलं, शिकवणारीला असं होऊन कसं चालेल? तुमच्या त्या बोलण्यानंतर मी गोळ्यासकट उडायला लागले. निघण्यापूर्वी सगळं पुन्हा एकदा बघते, बस. याचे आभार मी तुम्हाला तोंडानं कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही म्हणाला असता, पोहे खाऊ घाल.

आणि तुमच्या त्याच बोलण्यानं आता माझी झोप उडवली आहे.

हे विमान तुमचं शेवटचं काम. पुन्हा त्याच पंखांच्या तारा. दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या, शर्ट अंगावर ढगळ झाला होता, उजव्या हाताला कंप होता. मी म्हटलं, भाऊ, या वेळी तुम्ही बसायचं नाही, डॉक्टर काय म्हणाले ते मला माहीत आहे. मी कंबर कसून भांडायला आले होते. तुम्ही हातातल्या पान्याकडे बघत म्हणालात, "हव. नाही बसत." एवढंच. उड्डाण ठरलं होतं त्या सकाळीच कामठीहून फोन आला की तुम्हाला दवाखान्यात नेलंय. मी विमान जिथल्या तिथे सोडून धावले. तिथून तुम्ही परत आला नाहीत.

ते होकाराचं 'हव' माझ्या डोक्यातून जात नाही. इतक्या वर्षांत तुम्ही माझी एकही गोष्ट न भांडता ऐकली नव्हती. आपल्याला बसायचं नाही हे माहीत असताना, भाऊ, तुम्ही तो नट पुन्हा पाहिला होतात का?

क्लबचे सेक्रेटरीसाहेब माझ्याइतक्या खोलात जात नाहीत. ते म्हणाले, शेवटी शेवटी त्यांचे हात थरथरत होते मॅडम, ते सगळं काढून दुसऱ्याकडून नव्यानं बसवून घेऊ. अशा कामाला दोन इंजिनिअरांच्या सह्या लागतातच. नवीन इंजिनिअरनं सगळं तपासलं आहे आणि त्याला बोट ठेवायला जागा सापडली नाही. तरी साहेबांचं मन घेत नाही. त्यांचंही चूक नाही, उद्या पोरांचे आईबाप त्यांनाच विचारणार. पण तसं झालं तर तुम्ही इथून जाताना कच्चं काम टाकून गेलात, असंच कायमचं ठरेल. मी म्हटलं, आधी मी उडवते. तसूभर काही वेगळं वाटलं तर मीच सांगेन, काढा. साहेब कबूल झाले. दिवस ठरवणं माझ्यावर सोडलं, आणि मी तो रोज पुढे ढकलते आहे. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून उडवायचं की नुसती माया आहे म्हणून, हे मला ठरवता येत नव्हतं. मायेवर विमान उडत नाही, हे तुम्हीच सांगितलं असतं.

काल कामठीला गेले, वहिनींना भेटायला. शेजारी विणकरांचे माग चालू होते, त्यामुळे सांत्वनसुद्धा जरा मोठ्यानंच करावं लागत होतं. वहिनींनी चहा ठेवला. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी म्हटलं, वहिनी, माझ्या शेजारी भाऊंसारखं कोणी बसलं नाही, पारशिवनीच्या त्या वादळातसुद्धा.

वहिनींचा हात कपावर थांबला. "कायच्यात बसले?"

तेव्हा मला कळलं की तुम्ही घरी सांगितलंच नव्हतं. नोकरी लागली तेव्हा त्यांनी तुमच्याकडून वचन घेतलं होतं, विमान दुरुस्त करा, पण त्यात बसू नका. आणि तुम्ही जन्मभर सांगत आलात, मी कायले बसीन, माहं काम जमिनीवरचं. तुमचं बिंग मी चहाच्या कपासमोर फोडून बसले. मग सगळंच सांगावं लागलं, रीत, वादळ, टेंगूळ, हात. टेंगूळ हँगरच्या दारानं आलं होतं म्हणे. हातांचं सांगताना मला रडू आलं. वहिनी रडल्या नाहीत. त्या मनात काहीतरी जुळवत होत्या.

"म्हणून उपास," त्या म्हणाल्या.

कसला उपास, मी विचारलं. तर तुम्ही अधूनमधून एखाद्या सकाळी डबा न घेता निघायचात आणि विचारलं की म्हणायचात, आज उपास आहे. "पौर्णिमा नाही, अष्टमी नाही. मी म्हणो, आपल्यात हा कायचा उपास? तर म्हणत, मनाचा." वहिनींनी कधी खोदून विचारलं नाही, कारण त्या दिवशी तुम्ही संध्याकाळी घरी येऊन दुप्पट जेवायचात. मला मात्र ते सगळे उपास एका झटक्यात कळले. वर पोट ढवळू नये म्हणून. बसायचं असलं की तुम्ही सकाळपासून तोंडात काही घालत नव्हतात.

मग मी ते विचारलं. ज्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं, त्या सकाळी?

"नाही घेतला डबा. गोळी घ्याची आहे, पोळी तरी खा म्हटलं. तर म्हणाले, आज उपास आहे. आंघोळ करून, बूट घालून बसले होते. मले वाटलं, बिमारीनं अन्न जात नसन."

भाऊ, तुम्ही खोटं बोललात. नाही बसत म्हणून माझ्या तोंडावर सांगितलंत, आणि त्या सकाळी उपाशीपोटी, बूट घालून, माझ्या शेजारी बसायला निघाला होतात. अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं तेव्हा. त्या खोलीत, मागांच्या खडखडाटात, मला इतकं बरं वाटलं की ते वहिनींना कसं समजवावं कळेना. तुम्हाला बसायचं होतं. म्हणजे भीती होती. म्हणजे नट पुन्हा पाहिला होता.

मी म्हटलं, वहिनी, आता उडवते मी ते विमान. त्या म्हणाल्या, मले पाहाचं आहे.

हे लिहून ठेवलं त्याला आता काही दिवस झाले. पुढचं सांगते.

वहिनी पहिल्या बसनं आल्या, इस्त्रीची पांढरी साडी नेसून. सेक्रेटरीसाहेब आले होते, नवीन इंजिनिअर होता. वहिनींनी विमानाला एक चक्कर मारली. एवढंसं राहते का, असं म्हणाल्या. मग विचारलं, त्यांची जागा कोणती? मी उजवी सीट दाखवली.

एकट्यानं उडायचं असलं की रिकाम्या सीटचा पट्टा बांधून ठेवावा लागतो, नाहीतर हिसक्यांनी तो मोकळा नाचतो आणि हँडलात अडकतो. मी तो बांधायला वाकले तर वहिनी म्हणाल्या, मी बांधू का? मी कसं ते दाखवलं. त्यांनी बक्कल लावलं, टोक ओढून चांगलं घट्ट केलं, सीटवर एकदा हात फिरवला आणि बाजूला झाल्या.

"जा आता," म्हणाल्या.

अगदी गार वेळ मी मुद्दामच जाऊ दिली. जरा हलणाऱ्या हवेत बघायचं होतं. उत्तरेकडे गेले, कामठीवरून, कन्हान ओलांडून. डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, हँडल लोण्यासारखं फिरत होतं. पारशिवनीवर जमीन तापायला लागली होती, तिथे धक्के सुरू झाले. पोटात गोळा आला, नेहमीचा. मग तुम्ही दर वेळी करायला लावायचात ती परीक्षा केली. विमान सरळ लावलं आणि दोन्ही हात काढून घेतले. तारा कमी-जास्त ताणलेल्या असल्या की हात काढताच एक पंख हळूहळू उतरायला लागतो. एक धक्का आला, डावा पंख खचला आणि आपला आपण वर आला. पुढचा आला, उजवा खचला. तोही आला. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले आणि तुमचं विमान त्या उनाड हवेतून सरळ जात राहिलं. थरथरत्या हातांनी बांधलेलं ते काम होतं. मी मोठ्यानं म्हटलं, बरं भाऊ, ठेवले होते. धरले नव्हते.

उतरल्यावर साहेबांनी भुवया उंचावून विचारलं. मी म्हटलं, काहीही काढायचं नाही. दुपारीच त्यांनी विमान पोरांच्या उड्डाणांना लावलं. पुढचं मोठं काम नवीन इंजिनिअरकडे आहे. वहिनींकडून उपासाचं ऐकून तो माझ्यामागे रेंगाळत होता, मग हळूच विचारता झाला, मॅडम, शेजारी बसायचं त्या दिवशी सकाळी जेवून यायचं नसतं का? मी म्हटलं, नसतं.

वहिनी सावलीत बाकावर बसल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, मले नेशीन का एकदा? आणि मी काही म्हणायच्या आत पुढे म्हणाल्या, "इतके वर्षं त्यायनं वरून काय काय पाहिलं असन. नदी, आपलं घर. मले ते पाहाचं आहे."

भाऊ, कामठी आली की मी दर वेळी म्हणायचे, ते बघा तुमचं घर. आणि तुम्ही तेलाच्या काट्यावरून नजर न काढता म्हणायचात, हव, दिसलं. एवढ्या वर्षांत तुम्ही एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाहीत. हे मी वहिनींना सांगितलेलं नाही. तुमचं एक बिंग फोडलं तेवढं पुरे. क्लबची परवानगी मिळाली आहे, रविवारी सकाळी हवा गार असताना त्यांना घेऊन जाते. तुम्ही काय काय पाहिलंत, ते त्या बघून येतील.